डावीकडे झुकणारा टाका

धाकट्या जावेनं नोकरी सोडून ऑनलाइन दुकान काढलं, तेव्हा घरात सगळ्यात गोड मीच हसले. आतून मात्र जळून खाक झाले होते. कारण दुकान कसलं, तर लहान मुलांच्या विणलेल्या स्वेटरांचं. आणि तिला विणायला शिकवलं कोणी? मी. मी डावखुरी, ती उजव्या हाताची. म्हणून तिला समोर स्टुलावर बसवायचे. आरशात बघावं तसं माझ्याकडे बघत ती सुया चालवायची. या घरात विणकाम म्हणजे मोठी, असा माझा मान होता. तो आता ही बाई फोनवर विकायला निघाली होती.

दुकान काढायला काय काय लागतं, ते मी येताजाता बघत होते. खिडकीपाशी पांढरी चादर ताणायची. डब्यांच्या चळतीला टेकवून फोन उभा करायचा. मग एकाच स्वेटरचे फोटो काढत सुटायचं, समोरून, मागून, बटणं जवळून. लोकर कुठली, धुवायची कशी, छातीचं माप काय, सगळं लिहायचं. खोकी आणायची, चिकटपट्टी लावायची, कुरिअरवाल्याशी गोड बोलायचं. आणि मग फोनकडे बघत बसायचं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या धाकटीचं डोकं बघा!" मोठीच्या हातांबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. माझा नवराही त्यातलाच. "तू पण काढ की असं काहीतरी," म्हणाला. त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ जरा जास्तच पडलं.

एकदा धाकटीच काळजीनं बोलून गेली, "ताई, सुरुवातीला गिऱ्हाइकं किती तारे देतात, त्यावर सगळं आहे हो. एकानं जरी वाईट लिहिलं ना, तर दुकान पार तळाला जातं. मग मला कुठेतरी पुन्हा नोकरी शोधावी लागेल."

हे तिनं मला सांगायला नको होतं.

मी बहिणीला गाठलं. तिच्या फोनवरून, तिच्या शेजारणीच्या नावानं एक स्वेटर मागवला. पार्सल आल्याचं कळल्यावर बहिणीकडे जाऊन बसले. खोकं उघडलं आणि अंगाचा तिळपापड झाला. पाठ सुरेख, बाह्या जरा आखूड पण सारख्या. मग गळा पाहिला. गळा एका बाजूला ओढला गेला होता! इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. लगेच फोटो काढला, एकच तारा दिला आणि लिहिलं, "गळा वाकडा. स्वेटर परत पाठवत आहे."

तेवढ्यात बहिणीनं तिच्या नणंदेचं गाऱ्हाणं काढलं. ते काही लवकर संपणारं नव्हतं. ती बोलत होती, मी हूं हूं करत होते, आणि मांडीवर तो गळा. वाकडं काम समोर असलं की माझे हात शिवशिवतात. बहिणीच्या टोपलीत सुया होत्याच. गळा कधी उसवला, टाके कधी उचलले, पुन्हा विणून कधी बंद केला, माझं मलाच कळलं नाही. निघताना बहिणीनं स्वेटर खोक्यात कोंबला, पट्टी लावली. वाटेत कुरिअरच्या दुकानात मीच तो देऊन टाकला. घरी येऊन हात धुवायला गेले, तर बोटांना लोकरीची तुसं. तेव्हा कुठे लक्षात आलं, वाकडा म्हणून परत पाठवलेला गळा मीच सरळ करून बसले होते.

खोकं परत आलं, तेव्हा धाकटीनं ते बैठकीतच उघडलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "गळा वाकडा म्हणे," ती म्हणाली.

सासूबाईंनी स्वेटर ओढून घेतला, चष्म्याजवळ नेला. "कुठे वाकडाय? चांगला सरळ तर आहे. आंधळं दिसतंय गिऱ्हाईक!"

धाकटीनं तो परत घेतला आणि गळ्यावरून बोट फिरवू लागली. गळ्याशी टाके कमी करताना सगळ्यांचा टाका उजवीकडे झुकतो. माझा डावीकडे. तिचं बोट थांबलं. मी पंख्याकडे बघत राहिले.

आता ही बोंब ठोकणार, असं वाटलं. पण तिनं स्टूल ओढलं आणि माझ्या समोर येऊन बसली, पूर्वीसारखी.

"ताई, गळा पुन्हा एकदा दाखवा ना. माझा ओढलाच जातो. नाहीतर असं करू या, गळे तुम्हीच करा."

"आणि नाव कोणाचं?" मी फणकाऱ्यानं विचारलं. "गळा माझा आहे हे कोणाला कळणार?"

"मला कळलं की," ती म्हणाली.

सासूबाई विचारत होत्या, "काय कळलं? मला सांगा ना!" मला तर तोंड वर करवेना. मी मुकाट्यानं सुया घेतल्या.

संध्याकाळी बहिणीला फोन करून तारे वाढवायला सांगितलं. चार.

"पाच दे की, तुझीच जाऊ आहे," ती म्हणाली.

"बाह्या आखूड आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.