डावीकडे फिरणारं कॅलेंडर

ट

डोळे तपासायच्या पाटीवर सगळ्यात वर एकटा ट असतो. तो एवढा मोठा की डोळे मिटूनही दिसावा. धोंडूला तो दिसला. खालची ओळ न ब, तीही दिसली. त्याखालची प क ल त्याने अंदाजाने काढली. चौथ्या ओळीत त्याला मुंग्या दिसल्या आणि त्याने प्रामाणिकपणे मुंग्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून धोंडू बस चालवत नाही. डेपोच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपून घेतो. ज्याला अक्षरं दिसत नाहीत त्याला आकडे दिसतील, असा डेपोचा हिशोब असावा. याला लाइट ड्युटी म्हणतात.

पुढे धोंडूला चष्मा लागला. चष्म्यातून पाटी दिसली, तेव्हा त्याने ती पाठ करून टाकली. त्याला स्वतःला आता तिचा उपयोग नव्हता. पण डोळ्यांच्या तपासणीला निघालेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो गेटवर अडवू लागला.

"म्हण."

"अरे, माझे डोळे चांगले आहेत," सहदेव घाडी म्हणाला.

"माझे पण होते. म्हण. ट. न ब."

सहदेवने म्हटलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या ड्रायव्हरांची तपासणी त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, कडक झाली होती. सहदेवचा धाकटा भाऊ गिरणीच्या संपापासून घरी बसून होता. मोठा मुलगा नोकरी शोधतो असं सांगून जुहूला जायचा. जोगेश्वरीच्या त्यांच्या खोलीत चालणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सहदेवची बस. तो पाठांतर करत होता ते डोळ्यांवर भरवसा नव्हता म्हणून नाही. भरवसा धोंडूलाही होता, म्हणून.

डॉ. शरच्चंद्र दाभोळे यांचा दवाखाना अंधेरी पश्चिमेला, साड्यांच्या दुकानाच्या वर. बाहेरच्या खोलीत दोन बाकं आणि पद्मजाचं टेबल. पद्मजा म्हणजे नावं लिहून घेणारी, पैसे घेणारी आणि डोळ्यांत थेंब घालणारी. तिचं टेबल विचित्र लावलेलं होतं. ती अशी बसायची की बाकांसमोरची मोठी भिंत तिच्या पाठीमागे जावी.

त्या भिंतीवर थेंबांच्या एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. देव नाही, बाळ नाही, डोंगर नाही. नुसती वर्तुळं, एकात एक. प्रत्येक वर्तुळात बारीक बारीक फाका: काळी, करडी, पांढरी, पुन्हा काळी. कंपनीला आधुनिक दिसायचं असेल.

सहदेव बाकावर बसला आणि पद्मजाला नाव सांगू लागला. तेव्हा नजरेच्या कडेला कॅलेंडर फिरायला लागलं.

त्याने वळून बघितलं. थांबलं.

पद्मजाकडे बघितलं. फिरलं.

डेपोत हे उलटं असतं. तिथे साहेब बघतो तेवढा वेळच सगळे हलतात.

न ब

पहिल्यांदा सहदेवला वाटलं पंख्याचा वारा. पण कॅलेंडरला खाली पट्टी होती आणि ती पट्टी जागची हलत नव्हती. मग वाटलं पोट रिकामं आहे. त्याने खिशातून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढून दोन गोळ्या खाल्ल्या. कॅलेंडर गोडातही फिरत राहिलं.

मग त्याला धोंडू आठवला. मुंग्या दिसल्या त्याला खुर्ची मिळाली. भिंत फिरताना दिसणाऱ्याला काय मिळेल?

शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिची मुलगी बसल्या होत्या. मुलीचं नाव मीरा, हे सगळ्यांना कळलं होतं, कारण आई दर दोन मिनिटांनी "मीरा, सरळ बस" म्हणत होती. मुलीला स्थळ आलं होतं आणि चष्मा असेल तर आधी कळलेला बरा, असं आईने पद्मजाला हळू आवाजात, म्हणजे जिन्यापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. मीरा जमिनीकडे बघत होती. आई छताकडे बघत होती. सहदेव स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. डोळ्यांच्या दवाखान्यात कुणीच समोर बघत नव्हतं.

आतून हाक आली. सहदेव उठला.

डॉक्टरांनी त्याचा डावा डोळा झाकला आणि पाटीवरचा दिवा लावायला वळले.

"ट," सहदेव म्हणाला. "न ब. प क ल. र घ म त. ग द स ज व."

"मी दिवा अजून लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"हो ना."

"कुठला डेपो?" मग त्यांनी स्वतःच मान हलवली. "कळलं. आता खालून वर वाचा. उजवीकडून डावीकडे."

धोंडूने हे शिकवलेलं नव्हतं. सहदेवने घाबरत वाचलं. ह ठ य ण च श, मग व ज स द ग, मग त म घ र. दुसऱ्या डोळ्यानेही तसंच. एकही अक्षर चुकलं नाही. डोळे खरंच चांगले होते, आणि हे त्याला स्वतःला आत्ताच कळत होतं.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "डोकं दुखतं?"

"नाही."

"रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास?"

"सगळ्यांना होतो तेवढाच."

"एखादी स्थिर वस्तू हलताना दिसते का?"

सहदेवने डॉक्टरांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. ती सभ्यपणे स्थिर होती.

"नाही, साहेब."

"बाहेर बसा. सर्टिफिकेटवर सही करून देतो."

प क ल

बाहेर सहदेवच्या जागेवर एक कोळीण येऊन बसली होती. वर्सोव्याची सगुणा. मोतीबिंदू पिकला की नाही ते बघायला ती दर महिन्याला यायची, त्यामुळे दवाखाना आपलाच आहे असं तिला वाटायचं. आज मात्र नेहमीच्या कोपऱ्यातली जागा गेली होती आणि तिला पहिल्यांदाच भिंतीसमोर बसावं लागलं होतं.

"ए बाय," ती पद्मजाला म्हणाली, "ती चकरी बंद कर ना. मना भोवळ येते."

"कुठली चक्री, मावशी?"

"ती काय भिंतीवरची. पंखा हाय का काय?"

"कॅलेंडर आहे ते."

"मग फिरतंय कशाला?"

मीराने पुन्हा जमिनीकडे बघितलं, आईने छताकडे. सहदेव उभ्या उभ्या चपलांकडे बघू लागला. आत सर्टिफिकेट होतं. त्यावर सही व्हायची होती.

"वयाने होतं तसं," मीराची आई समजूत घालत म्हणाली.

"वयानं गुडघं जातात. भिंत फिरत नाय." सगुणाने मान तिरकी केली. "बघ ना. घड्याळावाणी फिरते. उजवीकडं."

सहदेवने दात आवळले. सही झाली असती, तो जिना उतरला असता, हे सगळं संपलं असतं. पण वीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नव्हतं. डावं आणि उजवं, एवढंच त्याचं काम. आणि ही बाई भर खोलीत चुकीचं सांगत होती.

"उजवीकडे कुठे?" तो म्हणाला. "लेफ्ट मारतंय सरळ."

ते त्याच्या स्वतःच्या कानावर आलं तेव्हा उशीर झाला होता.

"लेफ्टच," मीरा म्हणाली.

"गप बस," तिची आई म्हणाली. "उजवीकडे आहे."

म्हणजे आईलाही.

"तुमचा चष्मा तपासा आधी," सहदेव म्हणाला.

"मला चष्मा नाही."

"तेच म्हणतोय."

"ए डायवर," सगुणा म्हणाली, "तू असाच बस नेतो काय? वर्सोव्याला जायचं तर मढला पोचवशील."

"इकडून मढला बस जात नाही, मावशी. होडी जाते."

"तुज्या लेफ्टनं बस पन जाईल."

पद्मजाने पेन खाली ठेवलं. "सात महिने मी त्याच्याकडे पाठ करून बसलेय," ती म्हणाली. "उगाच नाही. आणि ते उजवीकडेच आहे."

दोन पक्ष पडले. आत्तापर्यंत जे कुणालाच दिसत नव्हतं, ते कुठल्या बाजूला फिरतं यावरून आवाज चढले. कुणाला भोवळ येत होती, कुणाचं लग्न अडणार होतं, कुणाची नोकरी जाणार होती, ते सगळे विसरले. मधल्या दारात डॉक्टर कधी येऊन उभे राहिले, तेही कळलं नाही. त्यांच्या एका हातात सर्टिफिकेट होतं, दुसऱ्यात टोपण काढलेलं पेन.

"काय फिरतंय?" त्यांनी विचारलं.

र घ म त

"घाडी, आत मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"हो, साहेब."

"आणि आता?"

सहदेवला खोटं बोलता आलं असतं. पण तो आता एका पक्षात होता. "आता पण डावीकडेच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी कॅलेंडरकडे बघितलं. जानेवारीत त्यांनीच ते टांगलं होतं. "हे साधं चित्र आहे," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

ते टोपण बसल्याचा टक् आवाज सहदेवला ऐकू आला. धोंडूच्या शेजारी दुसरी खुर्ची कुठे बसेल, तेही दिसलं.

"थांब रे डॉक्टर," सगुणा म्हणाली. तिने एका डोळ्यावर तळवा ठेवला. "मोतीबिंदूवाल्यानं बघते. गप उभी." तळवा दुसऱ्या डोळ्यावर नेला. "ह्यानं फिरते. म्हंजे गेलेल्या डोळ्याला थांबते, चांगल्याला फिरते."

खोलीतल्या प्रत्येकाने तो हिशोब मनातल्या मनात केला. मग सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, कारण साधं चित्र असं आत्ताच तेच म्हणाले होते.

डॉक्टर आत गेले आणि एक जुनं इंग्रजी मासिक घेऊन आले. मधलं पान उघडून ते सांगू लागले. चित्र हलत नाही. डोळा हलतो. आपण टक लावून बघतो तेव्हाही तो बारीक थरथरत असतो, मध्येच उडी मारतो. काळं आणि पांढरं मेंदूला एकाच वेळी उमगत नाही. काळं, करडं, पांढरं, अशा पायऱ्या एकाच क्रमाने मांडल्या, की तो मागे-पुढेपणा मेंदूला चाल वाटतो. म्हणून कडेला फिरतं, रोखून बघितलं की थांबतं. काहींना या बाजूला, काहींना त्या. नक्की कसं, यावर तज्ज्ञांचं अजून भांडण आहे.

"त्यांचं पण?" मीरा म्हणाली.

"बाजूची बस सुटली की आपलीच मागे जातेय असं वाटतं," सहदेव म्हणाला. "तसं?"

"जवळजवळ तसंच. त्यात दोष नाही."

लेखात शेवटी आणखी एक वाक्य होतं. थोड्या माणसांना काहीच हालचाल दिसत नाही. तोही दोष समजू नये. हे वाक्य त्या खोलीत एकाच माणसाच्या उपयोगाचं होतं. त्याने ते मनातल्या मनात दोनदा वाचलं आणि मासिक मिटलं.

"मग तुम्हाला कुठल्या बाजूला दिसतं, साहेब?" सहदेवने विचारलं. त्यात खोच नव्हती. त्याला आपल्या पक्षाला एक माणूस हवा होता.

डॉक्टर कॅलेंडरकडे बघत राहिले. मग नजर कडेला नेली. मग थोडी मान तिरकी केली, सगुणासारखी. चपलांकडेही बघून घेतलं.

"डावीकडे," ते म्हणाले, आणि टोपण काढून सही केली.

"डॉक्टर डायवरच्या पार्टीतला निघाला," सगुणा म्हणाली. "मी नाय याच्याकडनं डोळा कापून घेनार."

ग द स ज व

धोंडू गेटवर वाट बघत होता. सहदेवने सर्टिफिकेट दाखवलं. धोंडूने ते चष्मा लावून, मग चष्मा काढून वाचलं.

"पाटी विचारली?"

"उलटी विचारली. आणि कॅलेंडर विचारलं."

"कॅलेंडर?" धोंडूचा चेहरा उतरला. एवढी मेहनत घेऊन एक ओळ राहून गेली होती. "त्याचं उत्तर काय?"

"डावीकडे. डॉक्टर पण तेच म्हणाले."

"नक्की?"

"सही केली ना."

धोंडूने मान डोलावली. पुढच्या ड्रायव्हरला त्याने गेटवरच अडवलं. ट. न ब. प क ल. र घ म त. ग द स ज व. श च ण य ठ ह. डावीकडे.

श च ण य ठ ह

नवं वर्ष लागलं. कॅलेंडर गेलं, खिळा राहिला. डॉक्टर अजूनही प्रत्येक ड्रायव्हरला विचारतात, एखादी स्थिर वस्तू हलताना दिसते का?

"डावीकडे, साहेब."

डॉक्टर सही करतात.