लोखंडी कडीचं घंगाळ

स्वरूपाने मांडणीवरचा हंडा उजेडाकडे वळवला, फोटो काढला आणि मोबाइलमध्ये नोंद केली. स्वयंपाकघर, हंडा, तांब्याचा, एक. कुशाबाई पाटावर बसून बघत होत्या. चहा कधीचा निवला होता, पण स्वरूपा कपाला हात लावत नव्हती. पहिलंच गिऱ्हाईक, तेही माहेरच्या गावचं. निमगाव केतकीत एक फुलपात्र नोंदायचं राहिलं असतं तरी बाजारभर बोभाटा झाला असता.

धंदा नवा होता. घरं बंद करून पुण्याला जाणारे, विमा उतरवणारे, भाडेकरू ठेवणारे, अशांच्या घरी जायचं, एकेका वस्तूचा फोटो काढायचा आणि सगळी नोंद करून द्यायची. बारामतीत सासूबाईंनी ऐकून नाक मुरडलं. नवरा म्हणाला, “लोकांनी तुला कपाटं उघडून दाखवायची, तर विश्वास नको?” ते तिला चांगलंच झोंबलं. मग तिने आपल्याच घरातल्या वस्तू मांडून जाहिरातीचा फोटो काढला. मधोमध आईने रुखवतात दिलेलं पितळी घंगाळ, चिंचेने घासून लखलखीत केलेलं, आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘तुमची एकही वस्तू हरवणार नाही.’ तो फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला आणि कुशाबाईंचा फोन आला. लेकाकडे पुण्याला जायचंय, घर बंद राहील, येऊन लिहून जा म्हणाल्या.

“आता काय राहिलं, काकी?”

“घंगाळ.”

स्वरूपाने मांडणी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. “कुठंय?”

“हितं न्हाय. पण लिही. पितळंचं हाय. येक कडी पितळंची, दुसरी लोखंडाची. मोडली व्हती, मग लव्हाराकडनं बसवून घेतली.”

स्वरूपाचा अंगठा थांबला. दर दिवाळीला ती घंगाळ घासायची, आणि दर दिवाळीला एक कडी काळीच राहायची. आईला एकदा विचारलंही होतं. दुकानातच तसं मिळालं, म्हणाली होती.

“गेलं कुठं ते?” तिने हळूच विचारलं.

“तुझ्या हळदीच्या न्हाणाला तुझ्या आईनं, प्रयागनं नेलतं. परत आलं न्हाय. मांडवातनं कुणी उचललं, म्हणली. भांडी घासायला झुंबर व्हती. मग मी चोर म्हणून तिचं नाव घेतलं, भर बाजारात.”

“आई काही बोलली नाही?”

“गप ऱ्हायली.”

एवढं बोलून कुशाबाई उठल्या आणि उगाच डबे सारखे करू लागल्या. स्वरूपा अंगणात गेली. आई प्रयागबाई हल्ली इंदापूरला स्वरूपाच्या भावाकडे असायची. तिने फोन लावला.

“आई, ते घंगाळ कुणाचं?”

“जेवलीस का?”

“आई.”

“रुखवत लई मोकळं दिसत व्हतं गं. तुझ्या सासरची माणसं बघणार. म्हणून मधी ठिवलं. नंतर काढून घेणार व्हते, तर पोरांनी सगळंच टेम्पोत चढवलं. मग व्याह्यांना काय सांगू, उसनं मांडलं व्हतं म्हणून?”

“आणि झुंबरमावशी?”

आईने फोन ठेवून दिला.

स्वरूपाला लाज वाटली, आईची आणि त्याहून जास्त स्वतःची. दुसऱ्याचं घंगाळ मधोमध मांडून ते आपण तालुकाभर मिरवलं होतं. हळदीच्या दिवशी झुंबरमावशीने त्याच घंगाळातलं पाणी तिच्या पायांवर ओतलं होतं, तेही आठवलं. पुढे गावातल्या लग्नांत मावशी कधी दिसली नाही. वय झालं असेल, असं समजून स्वरूपाने तो विषय सोडून दिला होता.

ती आत आली. “तुम्ही फोटो बघितला होता, काकी.”

“बघितला की. कडी लगीच वळखली.”

“उद्या आणून देते.”

“घंगाळ नगं मला.” कुशाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. “चोर म्हणणारी मी हाय, बाई. फोटो बघितल्यापास्नं झुंबरच्या दारापतुर जाते आन माघारी येते. येकटीचं पाय उचलत न्हाईत. तू चल.”

झुंबरचं घर बाजाराच्या तोंडाशी होतं, आणि आज बाजार होता. तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत बारामतीला पोचणार. सासूबाईंना रुखवताचं कळणार. मग कपाट उघडायला कोण बोलावणार तिला?

“आज गर्दी असेल, काकी.”

“तवा बी व्हती.”

स्वरूपाने कुशाबाईंच्या चपला पुढे सरकवल्या.

झुंबर दारात मेथी निवडत बसली होती. तिने आधी कुशाबाईंकडे पाहिलं, मग स्वरूपाच्या हातातल्या मोबाइलकडे. प्रयागची लेक घराघरांतल्या वस्तू लिहून घेते, हे तिच्याही कानावर आलेलं असणार. ती कशीबशी उठली, दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या आणि बाजूला झाली.

“बघा आत,” ती म्हणाली. “तवा बी म्हणलं व्हतं, बघा.”

कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारच्या कांदेवाल्याने तागडी खाली ठेवली. स्वरूपाने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, कांदेवाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “घंगाळ माझ्या घरात आहे.”