ऐंशीच्या पुढे

गाडीच्या वेगाचा काटा ऐंशीवर गेला आणि मागच्या बाजूने तो आवाज पुन्हा उठला. जात्यावर भरड दळावी तसा, जड आणि अखंड. सुब्बलक्ष्मीने शेजारी पाहिले. विजयराघव रस्त्याकडेच्या केळीच्या बागा बघत होते.

"ऐकूं येतें कां?" तिने घरच्या जुन्या मराठीत विचारले.

त्यांनी मान वळवली. "काय? गाडी छान चालते."

गाडी बावीस वर्षांची. त्यांचा गुडघा बिघडल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, ती गाडी चालवायला शिकली होती. गाडीतले यजमानांना कळते, आपल्याला नाही, हे तिने धरूनच ठेवले होते. त्यांना ऐकू येत नाही म्हणजे आवाज गाडीत नाही. मग तो आपल्या कानात. आईचे बहिरेपणही अशाच घरघरीने सुरू झाले होते. आधी फक्त देवळातल्या वाद्यांत, मग घरी, आणि शेवटी आई नुसती सगळ्यांकडे बघून हसत बसे.

तीन आठवडे सुब्बलक्ष्मीने हे कुणाला सांगितले नाही. मग एका सकाळी तिरुभुवनला साडी बघायला जाते म्हणाली आणि गाडी दारासुरमला मणीच्या गॅरेजात नेली. "आवाज असेलच असं नाही," असेही तिने तमिळमध्ये सांगून ठेवले.

मणी हसला नाही. तिलाच चालवायला लावून तो मागे बसला. बायपासवर ऐंशीला त्याने गाडी न्यूट्रल करायला सांगितली. इंजिन मंदावले, आवाज तसाच. रस्त्याचे डांबर बदलले, तरी तसाच. म्हणजे टायरही नव्हेत. मग त्याने स्टिअरिंग हळूच डावीकडे घ्यायला लावले. आवाज फुगला. उजवीकडे घेताच बसला. मागचे उजवे चाक, मणी म्हणाला.

गॅरेजात त्याने चाक उचलून फिरवले आणि तिला स्प्रिंगवर हात ठेवायला सांगितले. खरखर तळहातातून कोपरापर्यंत चढली. बेअरिंग संपले होते.

सुब्बलक्ष्मी बाकावर बसली. तिचे डोळे भरून आले. ती घाबरली असे वाटून मणीने पाणी दिले.

"हा आवाज कुणाला ऐकू येणार नाही, असं होईल का?" तिने विचारले.

"अम्मा, रस्त्यावरच्या बैलानेही वळून पाहिलं असतं."

ती हसली. मग तिला केळीच्या बागा बघत बसलेले विजयराघव आठवले.

संध्याकाळी दोघे तिरुनागेश्वरमला निघाले. नवे बेअरिंग बसवलेली गाडी निःशब्द धावत होती. रस्त्यावरची नजर न काढता ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तुम्हांस कधीपासून ऐकूं येत नाहीं?"

उत्तर आले नाही. तिने गाडी कडेला घेतली, त्यांच्याकडे तोंड केले आणि तेच पुन्हा विचारले.

विजयराघव तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "तूं समोर असलीस म्हणजे कळतें." आणि डोक्यावरचे ओझे उतरवून ठेवावे तसा त्यांनी श्वास सोडला.

उद्या डॉक्टरांकडे जाऊ, ती म्हणाली. त्यांनी लगेच मान हलवली, जणू कुणीतरी हे म्हणावे याचीच ते वाट बघत होते.

मग तिने मणीकडे बेअरिंग बदलल्याचे सांगितले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "गाडीचा आवाज कसा होता?"

सुब्बलक्ष्मीने त्यांच्या कानाजवळ वाकून, घशातून, मोठ्याने तो काढून दाखवला. त्यांना नीट कळेना. तिने पुन्हा काढला. बाजूने जाणाऱ्या टाउन बसमधल्या दोन बायका वळून पाहू लागल्या, आणि विजयराघव हसू लागले.