रोजचे शब्द

"हे काय आहे, आजोबा? रोज हातात घेता तुम्ही."

स्पीच थेरपीच्या बाईंनी चमच्याचं चित्र बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं होतं. बाबांनी चित्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या आईकडे. ओठांची डावी बाजू हलली. उजवी लोंबतच राहिली.

"च... चम..." आईला राहवेना.

"आजी, तुम्ही नाही सांगायचं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आणि एकाएकी, अर्धांगाचा झटका यायच्या आधी होता तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "अबेट, ॲब्डिकेट, ॲब्हॉर, ॲब्जुअर..."

बाई चित्र खाली ठेवायचं विसरल्या. आईचा चेहरा उजळला. "बघा! बोलले की! इंग्रजी बोलले!"

त्यांची मुलगी खिडकीजवळ उभी होती. पुढचा शब्द तिच्या जिभेवर आपोआप येऊन थांबला होता.

"हे बोलणं नाही, आजी," बाई हळूच म्हणाल्या. "पूर्वी खूप घोकलेलं असलं की ते असं बाहेर पडतं. कुणी पाढे म्हणतं, कुणी नुसत्या शिव्या देतं. यांना सांगायचंय काहीतरी निराळंच, पण तोंडात येतं हे. आपण साधे शब्द परत आणायचे. चमचा, पाणी, दार. घरी रोज कुणीतरी बसायला हवं."

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला चित्रं दिसत नव्हती. बाईंनी चित्रांचा गठ्ठा मुलीच्या हातात दिला.

बाबा एका मालवाहतूक कंपनीत कारकून होते. मुलगी तेव्हा दूधपिती होती. एकदा त्यांनी मोठ्या खपून लिहिलेल्या पत्रावर साहेबांनी लाल शाईत एकच शब्द लिहून पाठवला. 'व्हर्बोज'. बाबांना वाटलं, शाबासकी आहे. ते केबिनमध्ये जाऊन साहेबांचे आभार मानून आले. संध्याकाळी येताना आईस्क्रीमचा मोठा डबा आणला. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने हसू दाबत त्यांना सांगितलं, अहो, व्हर्बोज म्हणजे पाल्हाळिक. निवृत्त होईपर्यंत ऑफिस त्यांना 'मिस्टर व्हर्बोज' म्हणत राहिलं. चहा आणणारासुद्धा.

त्याच आठवड्यात त्यांनी अवघड इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक विकत घेतलं. आधी स्वतः घोकलं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिला घोकायला बसवलं. रोजचे दहा शब्द. ते म्हणून झाल्याशिवाय जेवण नाही.

मुलगी हुशार होती. 'लुग्युब्रियस' म्हटलं की धाडकन 'शोकाकुल' म्हणायची. शोकाकुल म्हणजे काय असतं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पाहुणे आले की बाबा तिला मध्ये उभं करत. "इफेमरल?" "क्षणभंगुर!" "ऑब्स्टिनेट?" "हटवादी!" पाहुणे टाळ्या वाजवत. एकदा एका पाहुण्यांनी कौतुकाने तिला इंग्रजीत विचारलं, बाळ, तू कुठल्या वर्गात आहेस? तिने गोंधळून बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "असलं सोपं नका विचारू तिला."

आणि एकदा 'पर्फंक्टरी' आला. अर्थ होता, उरकून टाकल्यासारखं, वरवरचं. तिला आठवेना. फॅक्टरीसारखं काहीतरी ऐकू आलं म्हणून ती म्हणाली, "कारखाना." बाबांनी तिचं ताट उचललं, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि स्वतः जेवायला बसले. सावकाश, एकेक घास चावून जेवले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात वाढायचा डाव तसाच. ताटावरचं ताट सकाळी निघालं.

पुढे मोठ्या प्रवेश परीक्षेत शब्दांच्या भागात मुलीला पैकीच्या पैकी मिळाले. बाकी सगळ्यात ती आपटली. निकाल बघून बाबा एवढंच म्हणाले, "मीडिओकर." अर्थ तिला येत होता. सुमार. त्या वर्षीच तिने घर सोडलं. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग शिकली. कापडाचे थरावर थर लावायचे, वर खडूने आखायचं आणि मशीनचं पातं त्या रेषेवरून न थरथरता न्यायचं. तिथे यंत्रांचा एवढा गोंगाट की दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. तिला ते मानवलं. घरी ती अधूनमधून जायची, चहा पिऊन उठायची.

आता ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी यायला लागली.

"बाबा, हे काय?"

"अबेट."

"नाही. नीट बघा. कप."

"ॲब्डिकेट. ॲब्हॉर."

बाबा संतापून डाव्या हाताने चित्र उडवून लावत. नंतर लहान मुलासारखं तोंड करून तिच्याकडे बघत. तिला कधी कीव यायची, कधी काहीच वाटायचं नाही. आणि एका सकाळी, कारखान्यात आधीच उशीर झालेला, आई अंघोळीला गेलेली, बाबांसमोर टेबलावर नाश्ता मांडलेला, कपाचं चित्र पाचव्यांदा जमिनीवर पडलं तेव्हा तिने ते उचललं नाही. तिने बाबांची ताटली उचलली.

"म्हणा. कप. म्हटल्याशिवाय खायचं नाही."

बाबांचा चमच्याकडे निघालेला हात हवेत थांबला. ते ताटलीकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. त्यांना आठवलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. हनुवटीवरून लाळ ओघळली. ती त्यांनी पुसली नाही.

"एवढे मोठमोठे शब्द येतात ना? मग एक कप म्हणता येत नाही?"

कुणीतरी बघतंय असं वाटून तिने मान वळवली. आई ओल्या केसांनी दारात उभी होती. चौकटीला हात लावून.

"दे गं त्यांना," आई म्हणाली.

"आता बोलतेस? तेव्हा का नाही बोललीस? मी उपाशी झोपायची तेव्हा?"

आईने ओले केस पदराने टिपले. "इंग्रजीचं होतं ना गं ते," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्यातलं आपल्याला काय कळतंय? मी मध्ये पडले आणि तुझं नुकसान झालं तर?"

मुलीने ताटली खाली ठेवली. चमचा घेतला आणि बाबांना भरवायला लागली. बाबा मुकाट्याने तोंड उघडत गेले. चित्रांचा गठ्ठा तिने कपाटावर टाकून दिला. त्यानंतर ती रोज यायची, भरवायची, दाढी करून द्यायची, जायची. बोलायला लावायची नाही. स्पीचच्या बाईंनी विचारलं तर "चाललंय" म्हणायची.

कारखान्यात फोन आला तेव्हा दुपार होती. मशीन बंद करून ती धावत घरी पोचली, तोवर शेजाऱ्यांनी बाथरूमचं दार तोडून बाबांना बाहेर काढलं होतं. पाय घसरून डोक्याची मागची बाजू नळावर आपटली होती. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

सगळं आटोपल्यावर, माणसं निघून गेल्यावर, आई तिच्याजवळ येऊन बसली.

"मी ऐकत होते गं," आई म्हणाली. "आतून त्यांचा आवाज येत होता. ते इंग्रजी. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. रेडिओसुद्धा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून."

मुलीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"जोरात म्हणत होते. कधी नव्हे एवढं जोरात. मग एकच शब्द, परत परत. अबेट, अबेट. मग थांबले. मी म्हटलं, अंघोळ करत असतील. पाणी चालू होतं ना." आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "तुला तर सगळ्यांचे अर्थ येतात. अबेट म्हणजे काय?"

"ओसरणं. कमी होणं."

"म्हणजे मला हाक नव्हते मारत?"

पडलेल्या माणसाने हाक मारायला तोंड उघडलं असेल आणि प्रत्येक वेळी तोंडातून तेच निघालं असेल. ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं असेल. मुलीला हे सगळं समोर दिसलं.

"नाही गं," ती म्हणाली. "घोकत होते. जुनी सवय."

"खरं?"

"खरं."

आईने मान डोलावली. पटलं म्हणून की पुढे विचारायचं नाही म्हणून, ते कळलं नाही.

मुलगी आईकडेच राहायला आली. बाथरूमला नवीन दार बसवायला सुतार आला तेव्हा आईने त्याला आतली कडी लावू दिली नाही. आता सकाळी मुलगी कामावर जायची तयारी करत असते आणि आई अंघोळीला जाते. दार लोटलेलं असतं. तांब्याचा आवाज येत राहतो. मध्येच तो थांबतो.

"आहे गं मी," आई आतून म्हणते.

"हो," मुलगी बाहेरून म्हणते, आणि पुन्हा पाणी पडायला लागेपर्यंत तशीच उभी राहते.