पुढची भिंत

"डॉक्टर, ताईला कापणार कुठून?"

हे विचारायची माझी छाती नाही, अशी पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत लावली होती. विचारलं की! तेही आई-बाबांच्या समोर.

स्कूटरवरून पडून ताईच्या खुब्याची खोबण फुटली, त्याला अकरा दिवस झाले होते. पायाला वजन लटकवलेलं. चादर ओढली तरी किंचाळायची. पण लग्न ठरलेलं, म्हणून लोकांना सांगायचं काय, तर "पाय मुरगळलाय!"

डॉक्टरांनी ताईच्या खोलीबाहेर कागदावर वाटी काढली. "ही खोबण. हिला एक पुढची भिंत, एक मागची. पुढची पडलीय, म्हणून छेद पुढून. ओटीपोटाखाली."

"मागून घ्या ना," बाबा म्हणाले. "पुढचा व्रण नवऱ्याला दिसेल."

"पडलीय पुढची भिंत, मागून कशी बांधू? आणखी आठवडाभर थांबलात, तर हाड वाकडं जुळेल. जन्मभर लंगडेल."

"लग्न तेवढं पार पडू दे," आई पुटपुटली. "मग करू की."

हीच आई रोज ताईची वेणी घालत होती, केस ओढले जाऊ नयेत म्हणून श्वास रोखून!

ते दोघं चहाला खाली गेले, तशी मी आत गेले. ताईने माझं मनगट पकडलं. हात बर्फासारखा. "चिमणे, मला भीती वाटतेय गं. ऑपरेशनची नाही, असंच पडून राहायची. मला कुणी विचारलंच नाही."

मी धावत डॉक्टरांना गाठलं. आता पैजबिज नव्हती. "तिची सही चालेल?"

"तिचीच लागते! ती चोवीस वर्षांची आहे. घरचे म्हणाले, तीच नको म्हणतेय."

ताईने आडव्यानेच सही केली. तिचं नाव पार रेघेखाली घसरलं, पण पूर्ण झालं.

आई-बाबा परत आले.

"ताईने सही केलीय," मी म्हटलं.

बाबा ओरडले, "कुणाला विचारून?"

"स्वतःला."

आई मटकन स्टुलावर बसली. "उद्या तिच्या सासूबाई भेटायला येणार आहेत गं..."

"येऊ देत. ताई त्यांना सगळं सांगणार आहे. आणि मला कुणी विचारलं ना, आई, तर तुम्ही कितीही रागवा, आजपासून मी 'मुरगळलाय' म्हणणार नाही."