अकरा तपकिरी चिंध्या

पौषातली पाचगणी. धुक्याच्या दुलईतून उशिरा उठणारा, उठूनही न उजाडणारा, उजाडूनही ऊब न देणारा सूर्य. सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवर रजतवर्णी, दरीच्या काठावर दुग्धधवल, आणि शाळेच्या क्वार्टर नंबर चारच्या पत्र्यावर नुसताच ओला असा त्याचा प्रकाश.

त्या प्रकाशात डेलियांचे वैभव करपून उभे होते. परवापर्यंत जी शतदलमंडित मस्तके वाऱ्यालाही मान देत नव्हती, ती एका पहाटेच्या गारठ्याने काळवंडून खाली झुकली होती. डेलियाचे असेच असते. फूल मरते, पान मरते, देठ मरतो. आणि मातीखालचा कंद, वर काही घडलेच नाही अशा थाटात, झोपी जातो.

दर पौषात प्रभावतीबाई त्या कंदांना हलक्या हाताने उकरत, कोरड्या वाळूच्या खोक्यात निजवत. अकरा कंद. नीज सारखी, तोंडवळा सारखा, मौन सारखे. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एक चिंधी. पिवळ्या फुलाला पिवळी, केशरीला केशरी, ब्लाउजपिसांतून उरलेल्या कडांची. एकाच्या गळ्यात मात्र पांढरी मलमल.

ती झबल्याची होती. एकतीस वर्षांपूर्वी हौसेने शिवलेल्या, कुणाच्याच अंगाला न लागलेल्या झबल्याची. ज्या श्रावणात मागून आणलेला पाळणा रिकामाच परत गेला, त्या श्रावणात तो कंद लावलेला. कार्तिकात त्याला गर्द जांभूळरंगी फूल आले. पाकळीच्या टोकाटोकाला दुधाचा थेंब. तेव्हापासून दरवर्षी तेच. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. जे बोलायचे ते फूल बोले, आणि दोघे नवरा-बायको चहा पीत ऐकत.

यंदा रंगनाथरावांची निवृत्ती. क्वार्टर सोडायचे. साताऱ्याच्या फ्लॅटची गॅलरी अशी की तिच्यात एक आरामखुर्ची मावावी, आणि कठड्यावर एक कुंडी.

"एकच न्यायचा," बाई म्हणाल्या होत्या. कोणता, हे त्यांनी सांगितले नाही, आणि रंगनाथरावांनी विचारले नाही.

हे रंगनाथराव भिलारे छत्तीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. बाई भांडी बांधण्यात गुंतलेल्या पाहून त्यांच्यातले विज्ञान जागे झाले. बुरशी लागू नये म्हणून त्यांनी अकराही कंद, चिंध्यांसकट, परमँगनेटच्या बादलीत बुडवले. पाणी सुंदर जांभळे होते. हेतू त्याहून सुंदर होता. दोन्हींत कंद दुपारभर भिजले.

सांजप्रकाशात ते बाहेर काढले, तेव्हा एकही चिंधी सुटलेली नव्हती. गाठी शाबूत, गळे शाबूत. परमँगनेटच्या डागाने सगळ्या तपकिरी.

निरोपाला आलेल्या वसतिगृहाच्या मेट्रन लोबोबाईंना हसू आवरेना. "काय भिलारेकाका, अकराही जणांना एकच युनिफॉर्म?" मग त्यांनी प्रभावतीबाईंचा चेहरा पाहिला, आणि केकचा डबा ओट्यावर ठेवून त्या आल्या तशा गेल्या.

"धुतलं तर जाईल," रंगनाथराव म्हणाले.

"तुमच्या बोटांचं गेलंय का? छत्तीस वर्षं धुताय."

रंगनाथरावांनी प्रयोगशाळेतल्या डागांची तपकिरी बोटे पाठीमागे नेली.

बाई ओसरीत बसल्या. डोळे मिटले. मलमल डोळ्यांना फसवील, चिमटीला कशी फसवील? एकेक चिंधी अंगठ्याखालून, तर्जनीखालून, स्मरणाखालून सरकू लागली. हा. नव्हे, हा. हा तर नव्हेच, की हाच? तिसऱ्याची मऊ होती. सातव्याचीही मऊ होती. वर्षानुवर्षे माती, पाणी, वाळू सोसून सगळ्याच मऊ झाल्या होत्या.

"मला ओळखू येत नाहीये हो," त्या म्हणाल्या. "मलाच."

त्या "मलाच"वर धुके उतरले.

सगळे अकरा ट्रंकेत, वाळूत, साताऱ्याला गेले. ज्येष्ठ लागला आणि कंदांना कोंब फुटले. गर्द फुलाचा कोंब लालसर असतो, असे रंगनाथरावांनी कुठेतरी वाचले होते. ते भिंग घेऊन बसले. अकराही लालसर होते. विज्ञानाने भिंग मिटून खिशात ठेवले.

मग त्यांनी गॅलरीतली आरामखुर्ची, जिच्यावर बसण्यासाठी ते निवृत्त झाले होते, घडी करून पलंगाखाली सारली. तीच डागाळलेली बादली आणली. तापल्या सळईने तिच्या बुडाला भोके पाडली.

"अहो, एका बादलीत अकरा? मुळं गुंततील."

"गुंतू देत."

"आणि तुम्ही बसणार कुठे?"

"छत्तीस वर्षं उभ्यानंच गेली. सवय आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, तपकिरी बोटांकडे पाहिले. मग एकेक गाठ सोडली, एकेक कंद मातीत ठेवला, खांद्याला खांदा लावून, कुणालाही न वगळता. चिंध्या मात्र टाकवेनात. त्या धुतल्या, पिळल्या, गॅलरीतल्या दोरीवर ओळीने वाळत घातल्या.

खाली काळी, ओली, अकरा निद्रांची माती. वर अकरा तपकिरी चिंध्या. दाराशी उभे एक माणूस, दाराशी बसलेले एक माणूस. अजिंक्यताऱ्यावरून वारा आला. झबल्याची कोणती, ते त्यालाही ठाऊक नव्हते. म्हणून तो सगळ्यांनाच, एकेकीला, हळूहळू, जोजवीत राहिला.