खोडलेल्या ओळीपुढचे नाव

मार्गशीर्षातल्या सकाळी तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यावरून वाहत आलेला कोवळा प्रकाश संगणककक्षाच्या खिडकीतून आत उतरे आणि एका तर्जनीवर क्षणभर स्थिरावे. ती तर्जनी प्रणालीची. कळ दाबण्यापूर्वी ती ते बोट ओढणीच्या टोकाला हलकेच पुसून घेई; देवाच्या पायांना हात लावण्याआधी माझी आई पदराला हात पुसत असे, तसे. मग बारीकसा टक् असा ध्वनी होई, पडद्यावर एक अक्षर उमटे, आणि निश्चल तळ्यावर वाऱ्याची पहिली रेषा उठावी तसे काहीतरी तिच्या मुद्रेवरून सरकून जाई. यंदाही तूर फुलली आहे, प्रकाश त्याच खिडकीतून उतरतो आहे. त्याला विसावायला ते बोट तेवढे तिथे नाही.

वाशीमच्या त्या महाविद्यालयात मला राऊत मॅडमनी बोलावले होते. त्या तिथे मराठी शिकवतात. बालपणी माझ्याकडे संस्कृतची शब्दरूपे घोकत असत. मराठीत एक मुक्त ज्ञानकोश आंतरजालावर आहे, तिथे कोणीही लिहावे आणि कोणीही सुधारावे, असा त्याचा धर्म. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या परिसरातल्या एका स्थळावर तिथे लेख लिहायचा, त्यावर गुण मिळायचे, आणि भाषेकडे मी लक्ष द्यायचे, अशी योजना होती. सराव करण्याच्या पानाला तिथे धूळपाटी म्हणतात हे ऐकले आणि माझे वृद्ध मन हरखून गेले. पाठशाळेत धूळ पसरलेल्या फळीवर आमचे बोट धरून गुरुजींनी श्रीकार काढून घेतला होता, ती सकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. तिथे लिहिलेले लिहिणाऱ्याचे राहत नाही, हेही मला फार भावले. अग्नीत आहुती सोडताना ‘न मम’ म्हणतात, हे माझे नव्हे म्हणतात; अक्षरांचीही अशी आहुती असू शकते, हे या वयात कळावे याला मी ईश्वराची कृपा मानली.

प्रणाली केनवडच्या पलीकडल्या एका वस्तीतली. दिवाळी सरली की तिचे आईवडील ऊसतोडीला निघून जात. ती मावशीकडे राही आणि सकाळच्या बसने येई. वर्गाच्या कोलाहलात तिचा स्वर फारसा कानी पडत नसे. पण भरल्या बाजारात कोणी कोपऱ्यातल्या मडक्यावर टिचकी मारून पाहावी आणि ते पक्के भाजले असल्याचा नाद यावा, तसा तो होता: अल्प, पण आतून खणखणीत. सदस्यनाव म्हणून तिने आपले संपूर्ण नाव घेतले होते, वडिलांच्या नावासह. ते पडद्यावर प्रथम उमटले तेव्हा ती बराच वेळ काही न लिहिता नुसती पाहत राहिली, आणि तिच्या बसण्यातले ते किंचित आक्रसलेपण, एरवी बाकावरची शक्य तितकी थोडी जागा व्यापण्याची तिची ती रीत, तेवढ्यापुरती सैल झाली.

तिने विषय निवडला होता आपल्या वस्तीजवळचे तळे आणि त्याच्या काठचे महादेवाचे मंदिर. धूळपाटीवर तिने लिहिले होते: ‘चैत्रात तळे आटते. मग आमच्या वस्तीतल्या बाया तळाच्या मातीत झिरे खोदतात आणि वाटीने पाणी भरतात.’ मी ते वाचले आणि म्हणालो, बाळ, ज्ञानकोशाला थोडी प्रौढ वाणी हवी. डोळे मिटले. आणि माझ्या मुखातून वाक्यांमागून वाक्ये वाहू लागली. त्यांत बिल्ववृक्षांची छाया होती, घाटाच्या पायऱ्यांवर विसावलेली सांजवेळ होती, जलदर्पणात स्वतःला न्याहाळणारे शिखर होते.

“गुरुजी, याले संदर्भ काय लावू?” तिने विचारले.

“मी सांगतो आहे ना, लिही.”

तिने बोट पुसले, लिहिले आणि लेख धूळपाटीवरून ज्ञानकोशात नेला.

ती वाक्ये माझी नव्हती. त्या मंदिराच्या एका छोट्या पुस्तिकेसाठी माझ्या गुरूंनी ती लिहिली होती आणि विद्यार्थिदशेत मी ती मुखोद्गत केली होती. आमच्या परंपरेत गुरूचा शब्द कानामात्रेचा फरक न करता पुढे नेणे हीच सेवा. तो इतकी वर्षे जिव्हेवर वसला की तो कोणाचा, हा प्रश्नच उरला नाही. ती पुस्तिका कोणी आंतरजालावर ठेवली आहे, हे तर माझ्या स्वप्नातही नव्हते.

पुढच्या तासाला लेख नाहीसा झाला होता. त्याच्या जागी प्रताधिकारभंगाची लाल सूचना होती. त्या ज्ञानकोशाची राखण करणाऱ्या स्वयंसेवकांना प्रचालक म्हणतात. त्यांच्यातल्या एकाने प्रणालीचे खाते प्रतिबंधित केले होते, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘मजकूर जसाच्या तसा उचलला’. राऊत मॅडम रागावल्या की पुस्तकी बोलतात.

“प्रणाली, हे कुठून उचललेस? संपूर्ण वर्गाची मान खाली घातलीस. याला चोरी म्हणतात, समजते का?”

“काय वं प्रणाले,” मागच्या बाकावरून अक्षय ओरडला, “झेरॉक्सचं दुकान टाकून दे ना एखादं!”

हशा पिकला. प्रणाली उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. एक दृष्टिक्षेपही माझ्याकडे बोट दाखवणारा ठरला असता, म्हणून तिने आपली नजर दिव्याभोवती हात धरावा तशी जपून, खाली, स्वतःच्याच चपलांवर धरून ठेवली होती.

मी उठलो. उठायला मी विलंब केला नाही, आणि तरीही पुढे जे घडले ते टळले नाही. मी म्हणालो, “ही वाक्ये मी सांगितली. माझ्या गुरूंची होती, पाठ होती. या मुलीचा यात दोष नाही.”

मॅडमची मुद्रा पालटली. प्रसन्न झाल्या की त्या वऱ्हाडीवर येतात.

“अगोबाई! गुरुजी, तुमी उभे काहून राह्यले? बसा ना तुमी. पोरायहो, पाहून घ्या, याले म्हणतात पाठांतर! या वयात, एक शब्द इकडचा तिकडे नाही!”

“बाप्पा! गुरुजीची हार्ड डिस्क लय मोठी हाये,” अक्षय म्हणाला, आणि त्यानेच प्रथम टाळी वाजवली.

मग सारा वर्ग टाळ्या वाजवू लागला. तीच वाक्ये, तीच भिंत, तीच खिडकी. तिच्या ओंजळीत जी चोरी होती ती माझ्या ओंजळीत येताच विद्वत्ता झाली. मी हात वर करून त्यांना थांबवायला हवे होते. पण सत्य सांगायचे तर त्या नादाने माझ्या आत कोणीतरी निमिषमात्र सुखावला, आणि त्याच निमिषात माझी दृष्टी तिच्याकडे गेली. प्रणालीही टाळ्या वाजवत होती. उभ्याउभ्याच, कारण तिला खाली बसायला कोणी सांगितलेच नव्हते.

सायंकाळी बसस्थानकावर मी तिला गाठले. क्षमा मागण्यासाठी मनात वाक्ये जुळवून गेलो होतो. तिने ती उच्चारू दिली नाहीत.

“तुमी काहून बोलले, गुरुजी? मले सवय हाये.” आणि मग मला धीर द्यावा म्हणून हसून म्हणाली, “आता तुमाले बी ब्लॉक करतीन पाहा ते!”

बस सुटली. आयुष्यभर मी अनेकांना अनेक शास्त्रांतले अर्थ समजावून दिले. ‘मले सवय हाये’ या शब्दांचा अर्थ लावताना माझी सारी विद्या त्या फलाटावर निमूट उभी राहिली.

मॅडमच्या साहाय्याने मी स्वतःचे खाते उघडले आणि तिच्या चर्चापानावर, सर्व जगाला वाचता येईल असे, लिहिले की दोष माझा आहे, हिचा नाही. प्रचालकांचे उत्तर त्वरित आले. माझ्या प्रांजळपणाचे त्यांनी आभार मानले, मला आदरणीय म्हटले, तिचा प्रतिबंध उठवला. तिच्या नावापुढची नोंदही पुसावी, अशी मी विनंती केली. ते विनयाने म्हणाले की नोंदी पुसल्या जात नाहीत. चूक नंतर सुधारली, ही दुसरी नोंद तेवढी तिच्याखाली राहील. पुन्हा मलाच मान मिळाला होता. दोष माझा म्हणून मागून घेतला, तर त्याच्याबरोबर गौरवही माझ्याच पदरात येऊन पडला, आणि ‘न मम’ म्हणून तो सोडून द्यावा असा अग्नी मला कुठे सापडला नाही.

प्रणालीने लेख पुन्हा लिहिला. या वेळी मी मौन धरून शेजारी बसलो. तिची तीच वाक्ये आली, आटलेले तळे, झिरे, वाटी. तिने बोट पुसले, पण कळेवर ते पूर्वीसारखे सहज उतरले नाही. विस्तवाची धग अजमावावी तसे काही काळ वरच्यावर थबकले. लेख राहिला, गुण मिळाले. परीक्षा संपल्यावर ती पुण्याकडे एका कारखान्यात कामाला लागली, असे तिच्या मावशीकडून कळले. त्या खात्यावरून त्यानंतर एकही अक्षर लिहिले गेलेले नाही.

प्रातःसंध्या आटोपली की नातवाच्या संगणकावर मी ते पान उघडतो. तिच्या वाक्यांच्या शेवटी कोणीतरी ‘संदर्भ हवा’ असे बारीक अक्षरांत लावून ठेवले आहे. त्या बायांनी झिऱ्यातून वाटीने उपसलेल्या पाण्याला मी कोणता ग्रंथ आणून जोडू? मग मी पानाच्या ‘इतिहास’ या शब्दावर टिचकी मारतो; कोणी केव्हा काय लिहिले याची ओळीओळीने नोंद तिथे असते. तिथे माझ्या गुरूंच्या वाक्यांची ओळ खोडलेली दिसते. आतला मजकूर आता कोणालाच वाचता येत नाही. बिल्ववृक्ष, सांजवेळ, शिखर, सारे त्या आडव्या रेघेखाली लुप्त झाले आहे. रेघेपुढे नाव तेवढे स्वच्छ दिसते, वडिलांच्या नावासह, संपूर्ण. माझ्या नावाचे पान मात्र निर्मळ आहे. त्यावर माझ्या प्रांजळपणाखेरीज दुसरे काहीच नाही.

काळ सर्व काही धुऊन नेतो, या श्रद्धेवर मी आजवर अर्घ्य दिले. आता ओंजळीतले पाणी सूर्याकडे सोडताना जाणवते की काळ सर्वांचे सारखेच धुतो असे नाही. जी निघून गेली तिच्या नावापुढची रेघ तशीच राहते, आणि ज्याच्यामुळे ती ओढली गेली त्याचे हात रोज सकाळी स्वच्छ होत राहतात.